गोधडीला वेळ कुठला?

कार्तिक अर्धा सरला, की संध्याकाळी कचेरीतून परतताना मी वाट थोडी वाकडी करून बड्या फुहाऱ्यावरून घरी जाते. जबलपूरच्या जुन्या बाजाराचा हा मध्य. जवळच सराफा, पलीकडे १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण जागवणारे कमानिया गेट, आणि कोणत्याही गल्लीत शिरावे तर कापडाचे ठाण उलगडून दाखवणारा कोणी ना कोणी दुकानदार. थंडीची चाहूल लागताच येथे रजयांचे ढीग रचले जातात. पूर्वी पिंजारी, ज्याला इकडे धुनिया किंवा बेहना म्हणतात, धनुकली खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडे. तिच्या तारेचा टणत्कार कानी आला, की घरोघरच्या जुन्या गाद्या-रजया अंगणात येत. आता धनुकलीची जागा पिंजण्याच्या यंत्राने घेतली आहे, आणि रजईची जागा हळूहळू हातगाडीवरच्या मऊ, फुलाफुलांच्या ब्लँकेटाने.

अशी ब्लँकेटे पुष्कळशी पानिपताहून येतात. पानिपत म्हटले, की मराठी माणसास १७६१ साल आठवते. पण आजच्या पानिपताचा लौकिक वेगळाच आहे. थंड देशांतील लोकांनी टाकून दिलेले लोकरीचे कपडे तेथे गठ्ठ्यांनी येऊन पडतात. त्यांची रंगवार निवड होते, मग ते फाडून-पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात, आणि त्या सुताची कांबळी विणतात. अलीकडे तेथेही लोकर मागे पडून पॉलिएस्टरची चलती झाली आहे, हा भाग निराळा. मला गंमत वाटते ती अशी, की सातासमुद्रापलीकडच्या घरांतील चिंध्यांची ऊब आपण वर्षानुवर्षे पैसे मोजून घेत आलो, आणि आपल्या स्वतःच्या घरातील चिंध्या मात्र ट्रंकेत पडून राहिल्या.

आमच्या घरी अशी एक ट्रंक आहे. आमच्या आजेसासूबाई १९५६ साली नागपूर सोडून येथे आल्या. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, उच्च न्यायालयाचे ठाणे जबलपुरास आले, आणि त्याच्या पाठोपाठ आमच्या आजेसासऱ्यांसारखे लेखनिक आपला संसार बैलगाडीत आणि आगगाडीत घालून इकडे आले. आजेसासूबाई अखेरपर्यंत नऊवारी नेसत. त्या गेल्या तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि आजेसासऱ्यांचे एक धोतर अशी जुडी निघाली. वर सुतळी बांधलेली, आणि सुतळीत खोचलेल्या कागदावर त्यांच्या हातचा एकच शब्द होता : गोधडीसाठी. त्यास आता सहा वर्षे होऊन गेली. प्रत्येक हिवाळ्यात मी ती जुडी उन्हात घाली, डांबराच्या गोळ्या बदली, आणि “या खेपेस सवड मिळाली की,” असे म्हणून ट्रंक मिटून टाकी.

वाचकहो, ही कथा माझ्या एकटीची नसावी. या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत भरतकाम, विणकाम, कशिदा यांविषयी चौकशा पुष्कळ असतात, परंतु त्यांतील निम्म्याअधिक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : “आवड फार आहे, पण वेळ होत नाही.” आजवर या पत्रांना मी नमुने, टाके आणि दोऱ्याचे रंग कळवीत आले. वेळेविषयी काही लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

माझा पेशा भाषांतराचा. दुसऱ्या भाषेतील मजकूर मराठीत आणणे आणि तो मराठी वाटेल असा तपासणे, हे माझे रोजचे काम. अशाच एका लेखात गृहिणींना उपदेश होता, की त्यांनी फावल्या वेळात हस्तकला करावी. ‘फावला वेळ’ हे शब्द मी निमूटपणे लिहून गेले आणि मग लेखणी थबकली. फावणे म्हणजे साधणे, आपोआप अनुकूल होणे. फावला वेळ तो, जो काही न करता पदरात पडतो. असा वेळ माझ्या आईच्या, सासूबाईंच्या किंवा माझ्या पदरात कधी पडला, हे आठवू लागले, आणि आठवेना. पण आपल्याच भाषेत दुसराही एक प्रयोग आहे : आपण वेळ ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावे, गाईची धार काढावी, तसा. कापडावर कशिदाही आपण काढतोच. मूळ लेखकाच्या मनात फावणे होते. मी त्याच्याशी इमान राखून तसेच छापावयास दिले. मनात मात्र तो शब्द सलत राहिला.

आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. सारा वाडा त्यांना अम्मा म्हणतो. त्यांची बोली बुंदेली, आणि दर हिवाळ्यात त्या एक तरी कथरी शिवतात. कथरी म्हणजे आपली गोधडीच. संस्कृतातील ‘कंथा’ बंगालात ‘काँथा’ होऊन राहिली, इकडे कथरी झाली. आपल्याकडे तो शब्द बैराग्याच्या अंगावर उरला आणि घरात गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटे अशी दुसरीच गोत्रे नांदू लागली. एके दिवशी मी अम्मांना सहज विचारले, की एवढ्या मोठ्या कुटुंबाचे करून तुम्हांला शिवायला फुरसत कशी मिळे? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी चुलीला फुरसत मिळते का, असे विचारले असावे. म्हणाल्या, “फुरसत से कौन सीता है, बिटिया? ठंड से सीते हैं।”

हे उत्तर ऐकून मी पुष्कळ दिवस विचारात होते. गोधडीविषयी लिहिताना आपण हळवे होतो. आजीची माया, टाक्याटाक्यांतली ऊब, असे बरेच काही लिहितो. वस्तुस्थिती अशी, की आजीला थंडीने शिवायला लावले. चार मुले, एक कांबळे आणि बाजारातील रजई परवडत नाही, म्हणून दिवसभराच्या दळण-कांडणानंतर कंदिलाच्या उजेडात तिने डोळे फोडले. त्या कामाला कोणी छंद म्हणत नव्हते आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगीही घ्यावी लागत नव्हती, कारण गोधडी नसती तर पोरे कुडकुडली असती. गरज हीच तिची परवानगी होती. आज काही शे रुपयांत ब्लँकेट मिळते; गरज सरली, आणि गरजेबरोबर ती परवानगीही गेली. आता सुई घेऊन बसलेली बाई दिसली, की घरातले कोणीतरी विचारतेच, “हे कशाला? बाजारात मिळते की!” बहुतेक वेळा ते विचारणारे कोणीतरी ती स्वतःच असते. माझ्या बाबतीत तरी तसेच होते.

तेव्हा वेळ नाही ही तक्रार खरी आहे का, की जे निकडीचे नाही ते करण्याचा आपल्याला संकोच वाटतो? उत्तर शोधण्यासाठी मी एक हिशेब मांडला. हिशेब रुक्ष आहे, तरी तो आपण माझ्याबरोबर करावा.

नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास कापड. त्याच्या आडव्या चार घड्या घातल्या, की दोन मीटर लांबीची आणि सुमारे अडीच हात, म्हणजे ११५ सेंटिमीटर रुंदीची, चार पदरी चौघडी तयार होते. एका माणसाच्या पांघरुणाचे हे नेमके माप. पोटात धोतराचे दोन पदर घातले, की सहा पदर झाले. लांबीच्या दिशेने दोन-दोन बोटांवर धावदोऱ्याची एकेक ओळ घातली, तर ओळी होतात अडतीस. एका ओळीत सेंटिमीटराला एक या प्रमाणात दोनशे टाके. मी घड्याळ लावून पाहिले : सहा पदरांतून सुई आरपार जाऊन वर यायची, तर माझ्या बेताच्या हाताने मिनिटास दहा टाके पडतात. म्हणजे एक ओळ वीस मिनिटांची. साऱ्या गोधडीला लागतात तेरा तासांहून थोडे कमी.

सहा वर्षे जिला वेळ मिळाला नाही, ती गोधडी तेरा तासांची निघाली! सलग तेरा तास मला या जन्मी मिळणार नव्हते, आणि मी नकळत त्यांचीच वाट पाहत होते. वीस मिनिटांची एक ओळ, अशा अडतीस ओळी, हा विचारच मनात आला नव्हता. वास्तविक चिंध्या जोडून पांघरूण करावे हे ज्या बायकांना सुचले, त्या अखंड कापडाची वाट पाहत बसल्या नव्हत्या.

मग प्रश्न उरला तो या वीस मिनिटांचा. ती कोणाच्या खात्यातून काढावयाची? येथे एक सरकारी आकडेवारी सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली सबंध देशात माणसे आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. (त्याआधी १९९८-९९मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती, व त्या सहांत आमचे मध्य प्रदेशही होते.) २०१९च्या पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे आढळले, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या, पुरुष शेकडा २६. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. दहा मिनिटे सुटली. माझ्या हिशेबाने अर्धी ओळ. पुरुषांचा आकडाही ९७ वरून ८८ वर आला. त्यांनी त्या नऊ मिनिटांत काय शिवले, ते समजले नाही.

पुरुषांना मी उगाच डिवचीत नाही. बड्या फुहाऱ्याच्या आसपास शिवणयंत्रावर बसलेले हात पाहावेत. बहुतेक पुरुषांचे आहेत. जबलपूरचे तयार सलवार-सूट दूरदूरच्या बाजारांत जातात, त्यांच्या बेतण्या-शिवण्यात पुरुष कारागीर मोठ्या संख्येने आहेत. आपल्या संतांत नामदेव शिंप्याच्या घरचे. सुई ही बायकी वस्तू आहे असे बाजार कधीच मानीत नाही. ती बायकी होते ती घराच्या उंबऱ्याच्या आत. आणि मग चाळीस वर्षांच्या कर्त्या माणसालाही सदऱ्याचे तुटलेले बटण हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे लागते.

आमच्या घरी या बटणापासूनच प्रारंभ झाला. मी ‘ह्यांना’ हिशेबाचा कागद दाखवला. प्रथम ब्लँकेटाची किंमत ऐकावी लागली. मग मी ट्रंकेतील ती जुडी, कागदासह, पुढे ठेवली. अक्षर ओळखीचे होते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्या रात्रीपासून जेवणानंतरचे ओटा पुसणे, भांडी विसळणे आणि दुधाचे विरजण ‘ह्यांच्याकडे’ गेले. विरजण पहिले तीन दिवस लागले नाही, हे नमूद केले पाहिजे. ते मी दुरुस्त करण्यास गेले असते, तर वीस मिनिटे गेली असती, म्हणून आम्ही तीन दिवस दह्यावाचून जेवलो.

ज्या भगिनींना, किंवा बंधूंना, असा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. कापड सुतीच घ्यावे आणि ते धुऊन धुऊन मऊ झालेले असावे. जुन्यात कोऱ्या कापडाचे ठिगळ घालावयाचे असल्यास ते आधी भिजवून वाळवावे; नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतीचे कापड चुरगळते. जमिनीवर पदर नीट पसरून, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, डबे, जे जड सापडेल ते ठेवावे आणि मधून कडेकडे मोठमोठे कच्चे टाके घालून सारे पदर एकमेकांना धरवून घ्यावेत. हे एक काम मात्र वीस मिनिटांत उरकत नाही. त्याला एक रविवार द्यावा. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते, पण त्याच्या गाठी सोडवण्यात दुप्पट जातो. मधल्या बोटाला शिंप्याचे अंगुस्तान घालावे. घरगुती यंत्रावर शिवण्याचा मोह टाळावा. सहा पदरांखाली सुई मोडते. मी दोन मोडल्या.

आणि सर्वांत मोठी गोष्ट : काम झाकून ठेवू नये. आपण टापटिपीच्या नादात शिवण घडी करून कपाटात ठेवतो. ते काढणे, पसरणे, सुई शोधणे आणि पुन्हा आवरणे यातच ओळीची वेळ निघून जाते. माझी गोधडी महिनाभर दिवाणखान्यातील खुर्चीवर उघडी पडलेली आहे, सुई पुढच्या टाक्यात टोचलेली. पाहुण्यांना ती दिसते. दिसू दे.

आमच्या बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांना ठाऊक असेल, की तेथून जवळच, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. आपल्यासारख्या सरळ ओळी न घालता त्या कडेपासून सुरुवात करून गोलगोल आत मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुले लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. त्या फुलांनी थंडी तसूभरही कमी होत नाही. ज्या घरी चिंध्यांचीही चैन नव्हती, त्या घरी या चार फुलांसाठी वेळ काढला गेला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अम्मांच्या उत्तरात जे थोडे अपुरे होते ते येथे सापडले. सारी कथरी थंडीने शिवली खरी. पण फुले थंडीने लावलेली नाहीत.

काही वाचक विचारतील, की एवढे श्रम करावयाचे तर विक्रीसाठी का करू नयेत? जरूर करावेत. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, तेव्हा शिवणाच्या शिक्षणाने कितीतरी निराधार स्त्रियांच्या हाती मिळकतीचे साधन आले. आज बचत गटांच्या गोधड्या शहरांतून हौसेने घेतल्या जातात. मात्र तेरा तास म्हणजे आठ तासांच्या मजुरीचा दीड दिवसाहून अधिक काळ होतो, आणि गिऱ्हाईक तेवढे देण्यास क्वचितच तयार असते. ब्लँकेटाशी तुलना तोही करतोच. विकावयाची गोधडी हा धंदा आहे, त्याचे हिशेब वेगळे. मी ज्या वीस मिनिटांविषयी लिहीत आहे ती बाजारात न्यावी, असे मला वाटत नाही.

अम्मांचे डोळे आता साथ देत नाहीत. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. थंडी सरली की शस्त्रक्रिया करावयाची ठरली आहे. टाका त्या बोटाने चाचपून घालतात, पण सुईत दोरा ओवता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आमचे चिरंजीव त्यांच्यासाठी दहा सुया ओवून उशीच्या कडेला ओळीने टोचून ठेवतात. दहाव्या सुईचा दोरा संपला, की अम्मांचे त्या दिवसाचे शिवण थांबते. यंदाची कथरी नातवाच्या घरी येऊ घातलेल्या बाळासाठी आहे, आणि ती अजून निम्मीच झाली आहे. म्हणून गेल्या आठवड्यापासून रात्रीची माझी वीस मिनिटे मी खाली त्यांच्या खोलीत नेली आहेत. एक दिवस माझी ओळ, एक दिवस त्यांची. माझी गोधडी त्यामुळे संक्रांतीपर्यंत लांबणार.

काल एकतिसावी ओळ पुरी झाली. बारावी ओळ वाकडी गेली आहे. ती उसवू का, असे मी विचारले, तेव्हा अम्मांनी तिच्यावरून बोट फिरवले आणि काही न बोलता पुढची सुई माझ्या हाती दिली. चिरंजीव शेजारी बसून पाहत होते. त्यांनी सुई मागितली. बत्तिसाव्या ओळीचे पहिले अकरा टाके त्यांचे आहेत. एकेक टाका बोटभर लांब आहे, दोऱ्याला गाठ मारावयाची राहून गेली होती ती मी मागाहून मारली. पण सुई पणजोबांच्या धोतरातून आरपार गेली आहे.